मदत हवी आहे: फोटोअकूस्टिक मेंदूचित्रणात त्वचेचा प्रतिध्वनी कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

कवटीला छेद न देता मेंदूतल्या रक्तवाहिन्या फोटोअकूस्टिक पद्धतीने (लेसरचा प्रकाश शोषून रक्तातून निघणारा आवाज टिपून) दिसाव्यात म्हणून सध्या फँटमवर, म्हणजे डोक्याची नक्कल करणाऱ्या नमुन्यावर, काम करते आहे. वरून खाली रचना अशी: १० मिमी पाणी, त्वचेऐवजी शाई घातलेला गडद पातळ थर, ६ मिमी जिलेटिन, कवटीचा तुकडा, आणि त्याखाली रक्ताची बारीक नळी. लेसर ८०० नॅनोमीटरचा, वरून आवाज टिपणारा प्रोब २.२५ मेगाहर्ट्झचा.

अडचण अशी की चित्रात २२ मिमी खोलीवर नळीसारखीच दिसणारी ठळक रेघ येते. नळी काढली तरी ती तिथेच! गडद थरातून निघालेला आवाज खाली कवटीवर आपटून परत येतो, म्हणजे १० अधिक १२ (६ खाली, ६ वर), असा माझा हिशेब. जिलेटिन ८ मिमी केलं तेव्हा रेघ ४ मिमीने सरकली, त्यामुळे आता शंका उरलेली नाही. (३० मिमीवरही एक रेघ होती. पाणी ५ मिमीने वाढवल्यावर ती १५ मिमी सरकली, म्हणजे ती प्रोब आणि त्वचा यांच्यातली ये-जा. तिला दूर ढकलता येतं, तो प्रश्न सुटला.)

खरी नळीही नेमकी २२ च्या आसपासच येते, आणि तिथेच गाडी अडली आहे. ६४ पल्सचं ॲव्हरेजिंग निरुपयोगी ठरलं, कारण हा प्रतिध्वनी प्रत्येक पल्सला त्याच वेळी येतो. कोहिअरन्स फॅक्टर (प्रोबच्या सगळ्या घटकांवर जुळून न येणारा सिग्नल दाबणारा गुणक) लावला तर रेघेबरोबर नळीही फिकी पडते. कवटीतून येताना नळीच्या लहरी आधीच विस्कटलेल्या असतात. मऊ अवयवांत प्रोबने हलकं दाबून खरा सिग्नल वेगळा ओळखता येतो, पण कवटीखाली दाब पोचवणार कसा?

आता एकच वाट दिसते आहे. प्रकाशाचा ठिपका त्वचेवर इकडेतिकडे हलवायचा. खोलवर प्रकाश पसरलेलाच असतो, म्हणून नळीचा सिग्नल फारसा बदलू नये. त्वचेचा मात्र ठिपक्याबरोबर जागा बदलेल. मग जे बदलतं ते वजा करायचं.

असं कुणी केलं आहे का? ठिपका किती सरकवावा, आणि कवटीच्या जाडीतल्या चढउतारांमुळे वजाबाकी बिघडते का? दुसरं, त्याच प्रोबने अल्ट्रासाऊंड सोडून प्रतिध्वनीचा नमुना आधी टिपला आणि तो वजा केला, तर जिवंत डोक्यावर श्वासाच्या हालचालीत तो टिकेल का?

कच्चा डेटा द्यायला तयार आहे. फसलेले प्रयोगही कळवा, त्यांचाही मला फार उपयोग होईल.