पिल्लाला वळण धाकाने लागतं की खाऊने?

गंगापूररोडकर:
आमच्याकडे साडेचार महिन्यांची लॅब्राडोर आहे, चिमणी. कुणी दिसलं की अंगावर उडी. परवा नाशिकच्या सोमेश्वरला एका आजोबांच्या अंगावर गेली, त्यांचा तोल गेला. मी वेळेत धरलं म्हणून पडले नाहीत. तिथल्या एका गृहस्थांनी सल्ला दिला, काट्याचा पट्टा घाला (ओढला की आतली टोकं मानेला टोचतात तो), चार झटके बसले की सुतासारखी सरळ होईल.

मला हे अजिबात पटत नाही. पिल्लू उडी मारतं कारण उडी मारल्यावर त्याला काहीतरी मिळतं. आपण "अगं नको, नको" म्हणत दोन्ही हातांनी ढकलतो, तिच्याकडे बघतो, बोलतो. तिच्या लेखी हा खेळच झाला. त्याऐवजी पाठ फिरवायची, गप्प राहायचं आणि चारही पाय जमिनीला टेकले की त्याच क्षणी खाऊ द्यायचा, फार तर एक-दोन सेकंदांत. उशीर झाला तर बक्षीस कशाचं होतं ते तिला कळत नाही. दुसरी चूक आमच्याच घरातली. मी "बस" म्हणतो, बायको "खाली बस", आई "बैस गं बाई", तेही दहादा. पहिल्या नऊ वेळा ऐकायचं नसतं, हे आम्हीच तिला शिकवलं. आता सगळ्यांचा एकच शब्द आणि तो एकदाच. शिकवणी जेवणाआधी, ३ ते ५ मिनिटं, दिवसातून तीनदा.

मखमलाबादचा मळेकरी:
भाऊ, आमच्या मळ्यावर आजोबांपासून कुत्री आहेत. खाऊ दाखवून कुणी शिकवलं नाही, एका हाकेत येतात. तुमचं पिल्लू खिशातल्या चिकनचं ऐकतंय, तुमचं नाही. उद्या रस्त्यावर ट्रक आला आणि खिसा रिकामा असला तर? घरात मालक कोण, हे कुत्र्याला कळलंच पाहिजे. ते झुंडीतलं जनावर आहे.

गंगापूररोडकर:
ट्रकचा मुद्दा खरा आहे. पण खाऊ दाखवून बोलावलं तर ती लाच, आधी ऐकलं आणि मग खिशातून निघाला तर बक्षीस. शब्द पक्का झाला की खाऊ कधी द्यायचा, कधी नुसती शाबासकी. आणि झुंडीच्या म्होरक्याची ती कल्पना १९४७ च्या एका अभ्यासातून रुजली. त्यातले लांडगे प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी आधी तीच कल्पना उचलून धरली होती, पण जंगलात वर्षानुवर्षं लांडगे पाहिल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पिल्लं.

इंदिरानगरची ताई:
काट्याच्या पट्ट्याबद्दल अनुभवाने सांगते. आमच्या आधीच्या कुत्र्याला शिकवणाऱ्याने तोच घातला होता. जॉगिंग ट्रॅकवर दुसरं कुत्रं दिसलं आणि हा ओढायला लागला की झटका. दोन महिन्यांत ओढणं थांबलं, पण लांबून कुत्रं दिसलं तरी गुरगुरायला लागला. दुसरं कुत्रं म्हणजे दुखणं, एवढंच तो शिकला. पुढे ते कधी पुसलं गेलं नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

देवळालीचे काका:
मारझोड नको, मान्य. पण तुमची शिकवणी पूर्ण होईपर्यंत त्या आजोबांनी काय करायचं? माझं वय ७१ आहे. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो. कुत्र्याच्या मनाचा विचार करताना रस्त्यावरच्या माणसाचाही करा. उडी थांबेपर्यंत तिला गर्दीत नेऊ नका.

गंगापूररोडकर:
काका, चूक माझीच होती, पट्टा सैल सोडला होता. आता आखूड धरतो आणि माणसांपासून दहा पावलं लांब उभं राहून सराव घेतो. पण बाहेर नेणं बंद करणार नाही. लसी पूर्ण झाल्या आहेत, आणि या वयात माणसं, रिक्षा, सायकली पाहिल्या नाहीत तर पुढे तीच भीती बनते. एक गोष्ट उशिरा कळली, पिल्लाला दिवसाला १८ तासांच्या आसपास झोप लागते. संध्याकाळी पाहुण्यांत जागी ठेवली की जास्तच पिसाटते. मग आज्ञा कसली ऐकणार!

इंदिरानगरची ताई:
खाऊ म्हणून पनीर, उकडलेलं चिकन, गाजर चालेल. द्राक्षं आणि मनुके मात्र चुकूनही नको, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हंगामात आपल्याकडे घरोघरी परड्या असतात म्हणून मुद्दाम सांगते. कांदाही नको.

मखमलाबादचा मळेकरी:
ताई, आमची कुत्री बागेत पडलेले मणी खातात. आजवर काही झालं नाही.

इंदिरानगरची ताई:
दादा, एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसऱ्याला चार मण्यांत होतं. कुणाला होईल ते आधी ओळखता येत नाही. निदान तोडणीच्या वेळी त्यांना बागेबाहेर बांधा.

मखमलाबादचा मळेकरी:
बरं, तोडणीला बांधतो. पण हाकेचं माझं मत तेच आहे. गंगापूररोडकर, चिमणी वर्षाची झाली की मळ्यावर आणा. मोर उडत असताना, रिकाम्या खिशाने तिला एकदा हाक मारून दाखवा.

गंगापूररोडकर:
आणतो. त्याआधीचे सात महिने मात्र खिसा भरलेला राहील.