गळीत हंगामात रात्री मोटारसायकलने जाताना उसाच्या ट्रॉल्यांपासून कसे सांभाळावे?

कृष्णाकाठ:
मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीत कामाला आहे आणि पाळी सुटल्यावर रात्री सांगलीहून कसबे डिग्रज, तुंग या मार्गाने आष्ट्याकडे ११० सीसीच्या मोटारसायकलने घरी परततो. एरवी या रस्त्याची धास्ती वाटत नाही. पण कारखान्यांचे बॉयलर पेटले की पुढचे चार-पाच महिने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि उसाचे ट्रक यांनी रस्ता भरून जातो, आणि त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा तर सोडाच, चमकणारी पट्टीही दिसत नाही. हेल्मेट मी नियमित वापरतो आणि वेगही मर्यादेत ठेवतो. तरीही समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर पडतो तेवढ्या क्षणात पुढे ट्रॉली आहे की मोकळा रस्ता, हे कळेनासे होते. पाळी बदलून घेणे शक्य नाही. जास्त प्रकाशाचा एलईडी दिवा बसवावा असे काही मित्र सुचवतात. तो बसवावा का, आणि त्याखेरीज आणखी काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाणंदीवरचा:
आमच्या घरी ऊसही आहे आणि वाहतुकीचा ट्रॅक्टरही आहे, म्हणून प्रथम ट्रॉली दिसत का नाही ते सांगतो. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीच्या दिव्यापर्यंत जाणारी वायर प्रत्येक खेपेला जोडावी आणि सोडावी लागते. सऱ्यांतून ट्रॉली ओढताना ती तुटते, आणि मागच्या दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत तर ती बहुतेक वेळा पोहोचलेलीच नसते. हंगामाच्या सुरुवातीला कारखाने आणि परिवहन खाते लाल पट्ट्या चिकटवतात, परंतु मोळ्या काठोकाठ भरल्या की उसाची टोके आणि वाढे मागे लोंबतात आणि पट्टी त्यांच्याआड जाते, नाहीतर तिच्यावर चिखलाचा थर बसतो. चालकाने निघण्यापूर्वी फडक्याने पट्टी पुसली तरी पुष्कळ फरक पडेल, पण रात्री दोन वाजता कारखान्याच्या रांगेत नंबर लावायची घाई असलेला माणूस ते करत नाही, हे मी नाइलाजाने मान्य करतो.

मात्र चालत्या ट्रॉलीपेक्षा उभ्या ट्रॉलीचे भय अधिक बाळगावे. भरलेल्या दोन ट्रॉल्या शेतातून एकदम निघत नाहीत. ट्रॅक्टर एक ट्रॉली पाणंदीतून ओढून डांबरी रस्त्याच्या कडेला आणून सोडतो, दुसरी आणायला परत शेतात जातो आणि मग दोन्ही जोडल्या जातात. मधल्या वेळात रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रॉलीला ट्रॅक्टर नसतो, दिवा नसतो आणि जवळ माणूसही नसतो. त्यामुळे ज्या पाणंदीच्या तोंडाशी ओला चिखल, चाकांचे ठसे किंवा पाचोळा डांबरावर आलेला दिसेल, तिथून पुढचा शंभर-दोनशे मीटरचा पट्टा तोड चालू असलेला समजून वेग कमी करावा. तो चिखल मुळात निसरडाही असतो, म्हणून त्यावर ब्रेक दाबू नये; वेग त्याच्या आधीच उतरवलेला असावा.

डिपर-अप्पर:
वरील माहिती मोलाची आहे. मी त्यात थोडा हिशेब जोडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने आपण सेकंदाला साधारण १७ मीटर पुढे जातो. अंधारात वस्तू ओळखून ब्रेकवर हात-पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच २५ मीटर संपतात आणि कोरड्या डांबरावर चांगल्या टायरनिशी थांबायला आणखी जवळजवळ तितकेच अंतर लागते, म्हणजे एकूण सुमारे ५० मीटर. ताशी ४० वर हेच अंतर २८ मीटरांच्या आसपास येते. आता निर्मनुष्य रस्त्यावर आपली गाडी स्टँडवर लावून, डिपर चालू ठेवून, पुढे गडद कपडे घातलेल्या मित्राला चालत जायला सांगावे आणि तो कुठे दिसेनासा होतो ते पावलांनी मोजून पाहावे. त्या अंतरात थांबता येईल तेवढाच आपला रात्रीचा वेग. कायद्याची मर्यादा काय आहे याचा इथे संबंध नाही, कारण दिवा नसलेली ट्रॉली स्वतःहून आपल्याला दिसणार नाही, ती आपल्याच दिव्याने दिसायची आहे.

एलईडीबाबत माझे मत प्रतिकूल आहे. बाहेरून आणून बसवलेल्या बहुतेक दिव्यांचा झोत नीट बांधलेला नसतो. जवळचा रस्ता लख्ख उजळतो, त्यामुळे डोळ्यांना दूरचा अंधार आणखी काळा वाटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. त्याऐवजी मूळ दिव्याची काच आतून-बाहेरून स्वच्छ आहे का, बल्ब मंद झाला आहे का आणि झोत खाली पडला आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे. हेल्मेटच्या काचेकडेही लक्ष द्यावे. रात्री काळी काच वापरू नयेच, पण ओरखडे पडलेली पांढरी काचही समोरच्या दिव्याचा प्रकाश सगळीकडे फाकवते; अशी काच वेळच्या वेळी बदलावी.

समोरून प्रखर प्रकाश आला की नजर त्या दिव्यावर न ठेवता डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवावी आणि ती गाडी जवळ येण्याआधीच ॲक्सिलरेटर सोडावा. दूरच्या गाडीचा दिवा क्षणभर झाकल्यासारखा झाला, किंवा त्याच्या उजेडात एखादी काळी चौकट उमटली, तर आपल्या आणि तिच्या मध्ये काहीतरी आहे असे पक्के समजावे.

कृष्णाकाठ:
दोघांचेही आभार. एसटीच्या किंवा ट्रकच्या मागे राहिले तर पुढचा रस्ता त्याच्या दिव्यांनी दिसतो, असा आमच्या पाळीतल्या काहींचा अनुभव आहे. ते योग्य आहे का?

डिपर-अप्पर:
पुरेसे अंतर ठेवून, म्हणजे किमान तीन सेकंद मागे राहून, जरूर जावे. मोठ्या गाडीचे मागचे दिवे वळणाचा आणि खड्ड्याचा अंदाज देतात. पण तिला चिकटून जाणे घातक आहे. उभी ट्रॉली दिसल्यावर ट्रक शेवटच्या क्षणी उजवीकडे निघून जातो आणि ट्रॉली थेट आपल्यासमोर उरते.

नियमावाचक:
कायद्याचे थोडे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ नुसार इतरांना धोका होईल अशा स्थितीत वाहन सार्वजनिक रस्त्यावर सोडून जाता येत नाही. त्यामुळे रस्त्यावर दिव्याविना सोडलेली ट्रॉली दिसल्यास सुरक्षित जागी थांबून ११२ वर ठिकाण कळवणे पूर्णतः रास्त आहे. अपघात झालेला आढळल्यास १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ मुळे सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, तेव्हा नसती भानगड मागे लागेल या भीतीने पुढे निघून जाऊ नये. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा, एवढेच सांगतो. ते तुम्ही पाळताच आहात.

पाणंदीवरचा:
ओलांडण्याविषयी लिहायचे राहिले होते. दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टरची लांबी पन्नास फुटांहून अधिक भरते आणि खड्डा आला की मागची ट्रॉली हातभर तरी बाजूला झोलते. चालकाने टेप मोठ्याने लावलेला असेल तर तुमचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही, म्हणून अप्पर-डिपर देऊन, समोरचा रस्ता लांबवर रिकामा असेल तरच, भरपूर अंतर सोडून पुढे जावे. डाव्या बाजूने तर कधीही जाऊ नये. काही तरुण चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसायला गाडी तिला लगटून नेतात, त्यांच्या मागेही राहू नये, कारण उपसलेल्या मोळीतला एखादा ऊस रस्त्यावर आडवा पडतो.

आणखी एक. ट्रॉलीचा टायर फुटला किंवा ॲक्सल मोडला की चाकांमागे आणि मागच्या बाजूला रस्त्यावर मोठे दगड लावतात. दुरुस्ती झाल्यावर ट्रॉली निघून जाते, पण दगड बहुधा तिथेच राहतात. तुमच्या रस्त्यावर ते मुख्यतः चढावर आणि पुलाच्या अलीकडे-पलीकडे सापडतील. संध्याकाळी कामावर जाताना उजेडात कुठे मोडलेली ट्रॉली दिसली, तर ती जागा लक्षात ठेवा आणि परतताना तिथे ट्रॉली दिसली नाही तरीही सावकाश जा.