मदत हवी आहे: प्रागच्या जुन्या शहरात रोमनेस्क (साधारण बाराव्या शतकातल्या बांधकामशैलीचे) तळमजले कुठे बघता येतील?

नमस्कार मंडळी, प्रागच्या जुन्या शहरासाठी पूर्ण दोन दिवस ठेवले आहेत. भर तिथल्या प्रसिद्ध खगोलीय घड्याळावर (१४१०) नाही, घरांवर आहे.

व्ल्टावा नदीच्या पुरांमुळे तेराव्या शतकापासून इथल्या रस्त्यांची पातळी भर घालून वर आणली गेली. त्यामुळे रोमनेस्क घरांचे दगडी तळमजले आज तळघरं झाले आहेत आणि रस्त्यावरून दिसतो तो बहुतेक वेळा नंतर चढवलेला बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या नक्षीदार शैलीचा) मुखवटा. म्हणून नुसतं बाहेरून फिरलं की घराचं वय हमखास चुकतं. ‘दगडी घंटा’ घराचा बरोक दर्शनी भाग विसाव्या शतकात उतरवला, तेव्हा आतलं गॉथिक (रोमनेस्कनंतरच्या, टोकदार कमानींच्या शैलीतलं) घर बाहेर आलं. फारच सुंदर काम आहे ते!

आता प्रश्न. रेतेझोवा गल्लीतल्या कुन्श्टाट सरदारांच्या घराची तळघरं सध्या उघडी आहेत का? तिथे किंवा दुसरीकडे, तळघरात खानावळ असेल तर जेवणाची ऑर्डर न देता तिथल्या कमानी बघू देतात का?

‘उ मिनुटी’ घरावरचं स्ग्राफितो, म्हणजे गडद गिलाव्यावर चुन्याचा पांढरा थर देऊन तो ओला असतानाच कोरलेली चित्रं, तिरप्या उन्हात टिपायला सकाळ बरी की दुपार?

सोबत गुडघे दुखणारे ज्येष्ठ आहेत. दगडी फरसबंदी टाळून हावेल्स्का रस्त्याच्या कडेच्या कमानींखालून किती अंतर जाता येतं?

पत्ता सांगताना लाल पाटीवरचा नोंदणी क्रमांक की निळ्या पाटीवरचा रस्त्याचा क्रमांक, तेवढं नक्की लिहा. दोन्हींत गल्लत झाली की भलत्याच दारात उभं राहावं लागतं.