बी-३०२ च्या भाडेकरूंचा विषय (सोसायटीचा ग्रुप, सांगली)

बी-३०२ : नमस्कार मंडळी. १ तारखेपासून फ्लॅट तीन मुलांना भाड्यानं देतोय. तिघंही इंजिनिअर, कुपवाड एमआयडीसीत नोकरीला. माहितीसाठी कळवलं.

ए-१०४ (काकू) : बॅचलर नकोत असं ठरलेलं ना आपलं? फॅमिली बघा की.

सेक्रेटरी : काकू, ते पार्किंगमध्ये उभ्याउभ्या ठरलेलं. ठराव नाही. भाडेकरूला सोसायटीची परवानगी लागतच नाही, आधी कळवायचं फक्त. कराराची प्रत आणि पोलिसांकडची नोंद द्या.

खजिनदार : मग महिना हजार नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते शुल्क) तरी घ्या.

सेक्रेटरी : हजार कुठनं? २००१ चा शासन आदेश आहे, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर जाता येत नाही, आणि त्यात महापालिकेचा कर धरायचा नाही. आपलं १२०० धरा. झाले १२०.

खजिनदार : १२० मध्ये पंपाचं बेअरिंगपण येत नाही.

बी-३०२ : करार ११ महिन्यांचाच आहे, पण नोंदणी करतोय. एजंट म्हणत होता ११ महिन्यांना नोंदणी लागत नाही. आपल्याकडं लागते, जबाबदारीही मालकाची. न केल्यास उद्या वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते आधी खरं धरतात. ज्यांनी फ्लॅट दिलेत त्यांनी बघून घ्या (इथं चौघं तरी आहेत).

ए-२०२ : आत्ता कुठं राहतात पोरं?

बी-३०२ : सूर्यवंशी प्लॉट. तळमजला.

ए-२०२ : अरे देवा.

बी-३०२ : तिघांत मिळून ४५०० भाडं. एवढं कमी का, ते पाऊस लागल्यावर कळलं. रात्रभर मोबाइलवर आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं तो आकडा बघत बसायची. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका म्हणतात, पण काठावरच्यांना ४० च्या आधीच गाद्या उचलाव्या लागतात.

ए-१०४ (काकू) : आमचं २०१९ च्या पुरात गावभागातलं सगळं गेलं. लग्नातलं कपाटसुद्धा. म्हणून तर विश्रामबागला आलो.

ए-२०२ : पुण्याला का जात नाहीत म्हणे? पगार जास्त तिकडं.

बी-३०२ : एकजण जाऊन आला की. पगार आठ हजारांनी वाढला, रूम आणि मेसनं दहा खाल्ले. डिपॉझिटचे अजून पूर्ण परत आले नाहीत, भिंतीला खिळे मारले म्हणून. पोरगा जतचा. इथनं रविवारी गावाकडं तरी जाता येतं.

ए-१०४ (काकू) : बरं, राहू देत. पण नळाला पाणी सकाळी सात ते आठच, हे आधी सांगा. आणि गाड्या माझ्या खिडकीखाली नकोत.

खजिनदार : तीन गाड्या ना? पार्किंगचे किती लावायचे?

सेक्रेटरी : रविवारच्या मीटिंगला. ग्रुपवर नको.