तिसरीला पायथन? थांबा जरा

लेक तिसरीत आहे, थेट पायथनच्या (म्हणजे कोड टाइप करून लिहायच्या प्रोग्रामिंग भाषेच्या) क्लासला घालू का, असं तुम्ही विचारलंय. घाई कशाला? कीबोर्डवर कंस शोधण्यातच तिचा जीव जाईल. स्क्रॅच बघा, त्यात टाइप न करता पडद्यावरचे ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचा असतो, ते ८ ते १६ वयासाठी आहे. पण त्यातही एक गोची आहे. त्यातलं मांजर पडद्याच्या मधून डावीकडे न्यायचं तर एक्सची, म्हणजे त्याची आडवी जागा सांगणाऱ्या आकड्याची, किंमत उणे होते, पार उणे २४० पर्यंत. ऋण संख्या शाळेत भेटतात थेट सहावीत! आमच्या चिरंजीवांनी "शून्याच्या खाली काय असतं?" म्हणून भंडावून सोडलं होतं. शेवटी लिफ्टमधलं तळघराचं उणे १ चं बटण दाखवलं, तेव्हा गाडी पुढे सरकली. धाकटं भावंड असेल तर स्क्रॅच ज्युनिअर द्या. त्यात ठोकळ्यांवर नुसती चित्रं असतात, वाचता आलं नाही तरी चालतं.