विंडोज १० सोडण्याआधी हे तपासा
विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून ऑफिसातले सगळे पीसी एकदम बदला असा सल्ला एका दादांनी दिलाय, मला तो घाईचा वाटतो. सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे फुकट सिक्युरिटी अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण आधी प्रत्येक मशीनचा प्रोसेसर बघा, इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा असेल आणि टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सिक्युरिटी चिप) बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, नुसतं ऑफ असेल तर ते ऑन करून विंडोज ११ फुकटात चढतं, मग नवीन खरेदी कशाला? बाकीच्या मशीनसाठी पैसे भरून ईएसयू (सपोर्ट संपल्यानंतरचे सिक्युरिटी अपडेट्स) आहे, पण कंपन्यांना पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि दरवर्षी दुप्पट, त्यामुळे तीन वर्षं रेटू नका. टॅली, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा ड्रायव्हर हे सगळं विंडोज ११ टाकलेल्या एका पीसीवर आधी चालवून बघा, आणि मार्चएंडला तर हात लावूच नका प्लीज.