नांदूरमध्यमेश्वरचं पाणी सॅटेलाइटवर अचानक कमी दिसतंय, मदत हवी आहे

मंडळी, क्यूजीआयएसवर (नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर) काम करणारं कोणी आहे का इथे? मी निफाडकडचा, पक्ष्यांचा नाद, त्यामुळे नांदूरमध्यमेश्वरला, म्हणजे गोदेवरच्या बंधाऱ्याच्या पक्षी अभयारण्यात, सारखं जाणं असतं (२०२० ला पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं ते, राज्यातलं पहिलं). तिथे जो तो म्हणतो गाळ वाढला पाणी घटलं, म्हटलं नुसत्या गप्पांपेक्षा मोजूनच बघू. युरोपच्या सेंटिनेल-२ सॅटेलाइटच्या इमेज फुकट मिळतात, १० मीटरचा पिक्सेल, म्हणून २०१८ पासूनच्या डिसेंबरच्या उतरवल्या, हिरवा बँड आणि निअर इन्फ्रारेड घेऊन एनडीडब्ल्यूआय (पाणी ओळखायचा इंडेक्स) काढला, ०.२ च्या वर ते पाणी धरलं.

तर २०२१ पर्यंत आकडे थोडे वरखाली आणि २०२२ पासून धाडकन खाली. चापडगावच्या मनोऱ्यावरून तर तसं काही वाटत नाही बुवा. २०१९ पण कमी येतंय, त्या वर्षी गोदेला केवढा पूर होता!

दुसरी भानगड पाणवेलींची. नाशिककडून वाहत येतात, फुगवट्यात साचतात, खाली पाणी असलं तरी सॅटेलाइटला हिरवंगार शेतच. शेजारी ऊस, पाणी उतरलं की गाळपेर, सगळ्यांचा एनडीव्हीआय (हिरवळीचा इंडेक्स) सारखाच. वेगळं कसं काढायचं? विकतचं सॉफ्टवेअर नको, लॅपटॉप म्हातारा आहे.

प्रतिसाद १
२०२२ ची घसरण पाण्याची नाहीच. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपियन स्पेस एजन्सीने प्रोसेसिंग बदललं, पिक्सेलच्या आकड्यात १००० जास्तीचे असतात. समजा हिरवा ६०० आणि इन्फ्रारेड ३००, तर आधी ०.३३ यायचं, आता १६०० आणि १३०० धरून ०.१, म्हणजे चांगलं पाणी तुमच्या ०.२ मधून गळालं. फाईलच्या नावात प्रोसेसिंगचा नंबर असतो, तो एन०४०० किंवा पुढचा असेल तर दोन्ही बँडमधून १००० वजा करा, मग इंडेक्स काढा.

प्रतिसाद २
पाऊस संपल्यावर पाणी भरलेलं असतं तेव्हाची हद्द आखून घ्या, ऊस तिथेच बाहेर पडतो. आतलं हिरवं लागोपाठच्या तारखांना जुळवून बघा, पाणवेलीचे पट्टे वाऱ्याने नाहीतर पाणी सोडलं की सरकतात, गाळपेर जागचं हलत नाही. बंधाऱ्याला अडकून बसलेला थरही हलत नाही म्हणा, तो जाऊनच बघायचा. आणि भर पावसाळ्यात सेंटिनेल-१ चं रडार वापरा, ढगांचा त्रास नाही.

धागाकर्ता
दादा हजाराचं जमलं, २०२२ च्या पुढचं वर आलं! पण २०१९ च्या फाईलवर एन०५०० आहे, ती तर जुनी, तिच्यातून पण वजा करायचे का?

प्रतिसाद १
हो, ती नंतर परत प्रोसेस केलेली आहे. तारीख बघू नका, नंबर बघा.